विश्लेषण : परग्रहावर जीवसृष्टी सापडली तर धर्मश्रद्धेचे काय होईल?

‘परग्रहावर जीवसृष्टीचे संकेत’ अशी बातमी आली की समाजमाध्यमांवर दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. पहिली, ‘आता देवाधर्माचे दुकान बंद होणार’. दुसरी, ‘हे तर आमच्या ग्रंथांत हजारो वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे’. दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या आहेत. असा शोध खरोखरच लागला तर श्रद्धेला धक्का बसेल का, आणि बसलाच तर नेमका कुठे?

सध्या हाती काय आहे?

एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील भारतीय वंशाचे खगोलशास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन यांच्या चमूने जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून एक दावा केला. १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्याशी साधर्म्य असलेला वायू असावा, असा तो दावा होता. पृथ्वीवर हा वायू प्रामुख्याने समुद्रातील सूक्ष्मजीवांमुळे तयार होतो. मात्र इतर संशोधकांनी तीच माहिती तपासली तेव्हा हे संकेत पुरेसे भक्कम नसल्याचे आक्षेप घेतले गेले.

सप्टेंबर २०२५ मध्ये नासाने मंगळावरील जेझेरो विवरातील ‘चेयावा फॉल्स’ या खडकाविषयीचे संशोधन जाहीर केले. पर्सिव्हिअरन्स या रोव्हरला या खडकावर वैशिष्ट्यपूर्ण ठिपके आढळले होते. त्यांतील खनिजे सूक्ष्मजीवांमुळे तयार झालेली असू शकतात. पण निव्वळ रासायनिक क्रियेनेही ती तयार होऊ शकतात.

थोडक्यात, पहिला शोध लागला तर तो बहुधा हिरव्या माणसांचा नसेल, सूक्ष्मजीवांच्या खुणांचा असेल आणि त्यावर वर्षानुवर्षे वाद चालेल. त्यामुळे एका सकाळी बातमी आली आणि संध्याकाळपर्यंत देवळे, चर्च, मशिदी ओस पडल्या, असे काही घडण्याची शक्यता फारच कमी.

ब्रूनोला याच कारणासाठी जाळले का?

हा विषय निघाला की जिओर्दानो ब्रूनोचे नाव येतेच. विश्वात असंख्य जगे आहेत असे मानणाऱ्या या इटालियन विचारवंताला १७ फेब्रुवारी १६०० रोजी रोममध्ये जिवंत जाळण्यात आले. मात्र त्याच्यावरील आरोप केवळ तेवढेच नव्हते. येशूचे देवत्व आणि त्रैक्याचा सिद्धांत नाकारल्याचेही आरोप होते.

चर्चचा इतिहासही सरळ रेषेतला नाही. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ विधाने निषिद्ध ठरवली. त्यात ‘देव एकाहून अधिक जगे निर्माण करू शकत नाही’ या आशयाचेही विधान होते. म्हणजे इतर जगे असू शकतील ही शक्यता तेव्हा देवाच्या सर्वशक्तिमान असण्यासाठीच खुली ठेवण्यात आली.

ख्रिस्ती धर्मापुढचा पेच कोणता?

ख्रिस्ती श्रद्धेनुसार देवाने येशूच्या रूपाने मनुष्यदेह धारण केला आणि मानवजातीच्या तारणासाठी बलिदान दिले. ही घटना एकदाच, याच पृथ्वीवर घडली. मग दुसऱ्या ग्रहावर बुद्धिमान जीव असतील तर त्यांचे तारण कसे होणार? येशूचे बलिदान त्यांनाही लागू होते का? की देवाने तिथेही देह धारण केला असेल? की त्यांनी पाप केलेच नसेल? अमेरिकी विचारवंत थॉमस पेनने १७९४ मध्ये याच विसंगतीवर बोट ठेवून ख्रिस्ती धर्मावर टीका केली होती. धर्मचिंतक मात्र त्याच्याही आधीपासून या प्रश्नाची उत्तरे शोधत होते.

व्हॅटिकनची अलीकडची भूमिका बरीच मोकळी आहे. २००८ मध्ये व्हॅटिकन वेधशाळेचे तत्कालीन संचालक होसे गाब्रिएल फुनेस यांनी परग्रहवासीयांनाही सृष्टीचा भाग म्हणून बंधू मानता येईल, असे म्हटले. २००९ मध्ये व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीने खगोलजीवशास्त्रावर अभ्याससप्ताह घेतला. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तर मंगळवासीयाने बाप्तिस्मा मागितला तर काय, असा दाखला देत, येणाऱ्याला दार बंद करणारे आपण कोण, अशा अर्थाचा मुद्दा मांडला.

इस्लाम आणि भारतीय धर्मांचे काय?

कुराणाच्या पहिल्याच अध्यायात अल्लाहचा उल्लेख सर्व जगांचा पालनकर्ता असा आहे. आकाशात आणि पृथ्वीवर सजीव पसरवल्याचा उल्लेखही कुराणात येतो. त्यामुळे अनेक मुस्लीम अभ्यासकांना परग्रहावरील जीवन श्रद्धेच्या विरोधात वाटत नाही.

हिंदू, बौद्ध आणि जैन परंपरांत तर अनेक लोक, अनेक विश्वे गृहीतच आहेत. महाराष्ट्रात साईबाबांच्या किंवा गजानन महाराजांच्या जयजयकारातला ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ हा शब्द रोज उच्चारला जातो. जैन मतानुसार तर निगोद हे अतिसूक्ष्म जीव संपूर्ण लोकात भरलेले आहेत.

म्हणून आपल्याकडे काहीच अडचण येणार नाही, असे मानणे मात्र सोपे उत्तर झाले. चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या फेऱ्यानंतर दुर्लभ नरदेह मिळतो, हे प्रत्येक कीर्तनात ऐकायला मिळते. मोक्षासाठी मनुष्यजन्माचे महत्त्व या तिन्ही परंपरा सांगतात. मग दुसऱ्या ग्रहावरचा विचारी जीव या योनींच्या हिशेबात कुठे बसतो? त्याला मोक्षाचा अधिकार आहे का? त्याचे कर्म मोजले जाते का? हे प्रश्न आपल्याकडेही उभे राहतातच.

लोकांना काय वाटते?

अमेरिकी धर्मअभ्यासक टेड पीटर्स यांनी २००८ मध्ये केलेल्या सर्वेक्षणात विविध धर्मांच्या आणि निधर्मी अशा १,३०० हून अधिक जणांनी भाग घेतला. अशा शोधाने आपली श्रद्धा कोलमडणार नाही, असे बहुतेक श्रद्धाळूंनी सांगितले. धर्मांवर संकट येईल असे मानणाऱ्यांचे प्रमाण निधर्मी लोकांत जास्त होते. म्हणजे श्रद्धाळू स्वतःबद्दल जितके निर्धास्त होते, तितके इतर लोक त्यांच्याबद्दल नव्हते. अर्थात, काल्पनिक प्रश्नाला दिलेले उत्तर आणि प्रत्यक्षातली प्रतिक्रिया यांत फरक पडू शकतो.

मग खरा कस कुठे लागेल?

असा शोध ‘देव आहे की नाही’ याचा निकाल लावणार नाही. तो ‘माणूस खास आहे का’ हा प्रश्न विचारेल. पृथ्वी विश्वाच्या केंद्रस्थानी नाही हे कळल्यावरही धर्म टिकले. पण त्यांना जुने अर्थ नव्याने लावावे लागले. या वेळीही तेच करावे लागेल.

‘आमच्या ग्रंथांत सगळे आधीच आहे’ हा दावा नेमके तेच टाळतो. ग्रंथांतले लोक, योनी किंवा ब्रह्मांडे या श्रद्धेच्या कल्पना आहेत; दुर्बिणीने मोजलेल्या वायूचे ते भाकीत नव्हे. या बाबतीत डॉ. जयंत नारळीकर यांचे उदाहरण बोलके आहे. अंतराळातून सूक्ष्मजीव पृथ्वीवर येतात का हे तपासण्यासाठी त्यांच्या पुढाकाराने हैदराबादहून फुगे सोडून सुमारे ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने घेण्यात आले. २००९ मध्ये त्यातून जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती जाहीर झाल्या. तरीही ते अंतराळातूनच आले हे सिद्ध झालेले नाही, असे इस्रोने तेव्हाच स्पष्ट केले.

पुरावा असेल तेवढेच बोलायचे, ही ती शिस्त. पुढची ‘सापडली जीवसृष्टी’ ही बातमी फोनवर येईल, तेव्हा ती पुढे पाठवण्याआधी श्रद्धाळू आणि नास्तिक दोघांनीही ती पाळलेली बरी.