पिशवी गेली, हाडांचे काय?



‘बाईची हाडं झिजायचीच’ हे वाक्य मी वस्त्यांमधल्या बैठकांत इतक्यांदा ऐकते की, तो जणू निसर्गनियमच झाला आहे. वयाबरोबर हाडे ठिसूळ होतात हे खरे. पण कोणाची पंचेचाळिशीत आणि कोणाची सत्तरीत, हे निसर्ग एकटा ठरवत नाही.

हाड म्हणजे भिंतीतला दगड नव्हे. जुने हाड पोखरणाऱ्या आणि नवे भरणाऱ्या पेशींचे काम त्यात जन्मभर चालते. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दर वर्षी नव्याने घडतो. तिशीच्या आसपासपर्यंत भर होते, पुढे हळूहळू झीज वरचढ ठरते. बाईच्या शरीरात पोखरणाऱ्या पेशींना आवर घालते ते बीजकोशांतून येणारे इस्ट्रोजेन. पाळी जाताना ते घटते आणि नंतरची काही वर्षे हाडे झपाट्याने विरळ होतात.

हाडावर भार पडला की ते बळकट होते, असे डॉक्टर सांगतात. मग उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या बाईची हाडे पोलादीच हवीत! पण नुसत्या भाराने हाड भरत नाही. त्याचा माल ताटातून यावा लागतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ बाईला रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. डेअरीला दूध घालून चहापुरते उरवणाऱ्या घरात ते कुठून येणार? अंगावर पाजताना आईच्या हाडांतले कॅल्शियम बाळाकडे जाते. दूध तुटल्यावर ते साधारणपणे भरून निघते, पण त्यासाठी पोटभर अन्न आणि दोन बाळंतपणांत अंतर हवे.

आणि आता पिशवी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. सहांतली एक! त्यांत चाळिशीच्या आतल्या पुष्कळ. एक खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, उचल फिटणार नाही. अशा वेळी पाळीची ‘कटकट’च नको, हा सल्ला बाईच्या गळी उतरवणे सोपे असते. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोश काढले तर पाळी जाण्याची अवस्था एका दिवसात येते. ते ठेवले तरी ती सरासरीने काहीशी लवकर येते. म्हणजे कष्टाची पंचवीस-तीस वर्षे शिल्लक असताना हाडांचा आधार काढून घेतला जातो. हे तिला शस्त्रक्रियेआधी कोण सांगते?

दर तीन महिन्यांच्या ‘अंतरा’ इंजेक्शनचेही तेच. ते २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आहे. त्यातल्याच औषधावर हाडांची घनता घटत असल्याचा ठळक इशारा छापायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये लावले. इंजेक्शन बंद केल्यावर ही झीज बरीचशी भरून येते, हेही सांगायला हवे. माझा आक्षेप न सांगता टोचण्याला आहे.

म्हणून एक काम सुचवते. आपापल्या गटात जिची पिशवी काढली असेल, तिचे दवाखान्याचे कागद मागून घ्या. बीजकोश काढले की ठेवले, एवढे एकच आधी पाहा. कागदच दिले नसतील तर तेही लिहून ठेवा. पुढच्या अंकाआधी ही माहिती आमच्याकडे पोचवा, मात्र बाईची परवानगी घेऊन आणि तिचे नाव न लिहिता.