इस्रायल, धाराशिव आणि पाण्याचा हिशेब

दुष्काळ पडला की आमच्या धाराशिव जिल्ह्यात दोन गोष्टी हमखास येतात. एक टँकर आणि दुसरे इस्रायलचे उदाहरण. टँकर गावच्या आडात पाणी ओतून निघून जातो. उदाहरण मात्र सभेच्या मंचावरून आमच्या डोक्यावर ओतले जाते. ‘त्या देशात पाऊस नाही, जमीन वाळवंटाची, तरी तिथे नंदनवन फुलले, आणि तुम्ही मात्र हात पसरता!’ हे मी शाळकरी वयापासून ऐकत आलो आहे. ते ऐकून खाली मान घालणारे शेतकरीही पाहिले आहेत. त्यांत माझे वडीलही होते. म्हणून ही तुलना एकदा नीट करून पाहावी, असे फार दिवस मनात होते.

जेरुसलेम आणि धाराशिव यांच्यात सव्वाचार-साडेचार हजार किलोमीटरांचे अंतर आहे. पण काही बाबतींत ही दोन गावे एकमेकांच्या जवळ आहेत. दोन्ही उंचावर वसलेली. जेरुसलेम समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या वर, तर बालाघाटाच्या रांगेवरचे धाराशिव साडेसहाशे मीटरांच्या आसपास. जेरुसलेमला वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटर पाऊस होतो, आमच्या जिल्ह्यात सातशेच्या आसपास. म्हणजे ‘इस्रायलमध्ये पाऊस नाही’ हे विधान अर्धेच खरे. दक्षिणेकडे बीरशेबाला तो दोनशेवर येतो आणि अगदी टोकाच्या एलातला पंचवीस-तीस मिलिमीटर. आमच्याकडेही परंडा-भूम कोरडे आणि उमरगा त्या मानाने ओले, असा भेद आहेच. पण एलातसारखी अवस्था आमच्या कुठल्याही तालुक्याची नाही.

मग आकड्यांवरून आपण दोषी ठरलो का? इथे घाई करू नये. पाऊस किती पडतो याइतकेच तो केव्हा आणि कशावर पडतो, याला महत्त्व आहे. त्यांचा पाऊस हिवाळ्यात, थंडीत पडतो. ऊन कमी, बाष्पीभवन कमी, आणि त्याच ओलीवर गहू उभा राहतो. आमचा पाऊस नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या मर्जीवर. सह्याद्रीने त्यातले बहुतेक पाणी आधीच उतरवून घेतलेले असते. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या पुढे पाऊस होतो आणि आम्ही त्या पर्वताच्या पर्जन्यछायेत. आमचा भरवशाचा महिना बहुधा सप्टेंबर. तो फिरला की वर्ष फिरले. कधी तो पाठ फिरवतो, कधी अंगावर येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागात सीनेच्या पुराने उभी पिके आणि माती वाहून नेली. एरवी याच तालुक्यांत टँकरची वाट पाहावी लागते. पावसाळा संपल्यावर आठ महिने कोरडे आणि उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर, असे आमचे वर्ष आहे.

दुसरा भेद पायाखालचा. इस्रायलच्या मध्यभागातल्या डोंगरांत चुनखडीचा खडक आहे. त्याच्या भेगांतून पाणी खोल मुरते आणि मोठ्या साठ्यात जमा होते. आपला काळा पाषाण मूळचा घट्ट. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि फटींत. आमची जमीन म्हणजे रांजण नव्हे, परात आहे. ती पावसाळ्यात भरते आणि उपसली की संपते. बोअर सहाशे फूट नेले म्हणून परातीचा रांजण होत नाही.

मात्र निसर्गाने आम्हाला एक देणगी दिली आहे, ती म्हणजे नदीकाठची काळी माती. परतीच्या पावसाची ओल धरून ही माती शाळूचे पीक एकही पाणी न देता पिकवते. आमच्या आज्यांनी ज्वारी, करडई, हरभरा यांची सांगड घातली ती उगीच नव्हे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल उभारणारे लोकही याच मुलखातले. पाण्याचे शहाणपण इथे परक्या देशातून यायला हवे होते, असे नाही.

आमच्या गावचे एक आप्पा काही वर्षांपूर्वी अभ्यासदौऱ्यावर इस्रायलला जाऊन आले. पारावर सगळे जमले. ठिबकच्या नळ्या, हरितगृहे यांच्या गोष्टी ऐकायला आम्ही उत्सुक होतो. आप्पा म्हणाले, ‘‘नळ्या आपल्याकडंबी हायत्या रं. तितं पानी मोजून देत्यात. आपल्याकडं मोटर चालू करून झोपत्यात.’’

सगळे हसले. पण आप्पांनी नेमके बोट ठेवले होते. इस्रायलने १९५९ साली कायदा करून देशातले सगळे पाणी सार्वजनिक मालकीचे केले. विहीर तुमच्या शेतात असली, तरी पाणी तुमचे नव्हे. १९६४ मध्ये उत्तरेच्या गॅलिली सरोवराचे पाणी दक्षिणेला नेणारी राष्ट्रीय जलवाहिनी पूर्ण झाली. ठिबकचा व्यापारी प्रसार त्यानंतरचा. सांडपाण्याचा बहुतांश भाग शुद्ध करून शेतीला दिला जातो, आणि २००५ पासून समुद्राचे पाणी गोडे करणारे मोठे कारखानेही उभे राहिले. त्यांच्याजवळ समुद्र आहे, पैसा आहे. आणि पाण्यावरून पॅलेस्टिनींशी असलेला जुना, कटू वादही आहे. सगळेच घेण्याजोगे नाही. पण मापाची शिस्त घेण्याजोगी आहे, आणि नेमकी तीच आम्ही घेतली नाही. आम्ही फक्त नळी घेतली.

माझ्या वडिलांची विहीर पन्नास फुटांची. माझ्या लहानपणी ती मार्चपर्यंत पुरायची. पुढे शेजारच्या शिवारात ऊस आला. उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते आणि आमचा पाऊस सातशेचा. उरलेले येणार कुठून? बोअर पडले, आधी दोनशे, मग चारशे फूट. आमची विहीर दिवाळीलाच तळ दाखवू लागली. शेवटी आम्हीही बोअर घेतले, कर्ज काढून. शेजाऱ्याला दोष कसा देऊ? उसाला निदान कारखान्याची खात्री आहे. ज्वारी-तुरीला भावाची कुठली? पुढे ठिबकही आले. त्याने जे पाणी वाचले, त्यावर आणखी दोन एकर ऊस लागला.

याला उपाय म्हणून कायदा नाही, असेही नाही. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा आहे. माझ्या गावात त्याचे नाव ठाऊक असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. आणि कायद्यावाचून काही होत नाही, हेही खरे नव्हे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. त्यात पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, माणशी अर्धा एकर असा ठरला, भूमिहीनालाही मिळाला आणि ऊस वर्ज्य झाला. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने आमच्याहून कमी पावसात पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरवली. दोन्ही ठिकाणे एस.टी.ने एका दिवसात गाठण्यासारखी आहेत. तिकडच्या दौऱ्याला विमान लागत नाही.

एक साधा हिशेब करून पाहा. एका हेक्टरवर सातशे मिलिमीटर पाऊस म्हणजे सत्तर लाख लिटर पाणी. जिल्ह्याच्या साडेसात हजार चौरस किलोमीटरांवर ते सुमारे १८५ टीएमसी होते. ज्या उजनीचे पाणी आज नळाने धाराशिव शहराला येते, ते धरण भरल्यावर ११७ टीएमसीचे. अर्थात यातले बरेचसे ऊन आणि पिके पितात, सगळे अडवता येणार नाही. कृष्णेचे पाणी मराठवाड्यात यावे ही मागणीही रास्त आहे आणि ती सोडू नये. पण आलेले पाणी मोजायचे नसेल, तर तेही परातीतच पडणार.

म्हणून माझी मागणी लहान आहे. प्रत्येक ग्रामसभेत ऑक्टोबरमध्ये, रब्बीच्या पेरणीआधी, गावात किती पाणी आहे याचा आकडा फळ्यावर लिहावा. आधी पिण्याचे, मग जनावरांचे, उरेल ते पिकांचे. आणि ज्वारी-हरभरा पेरणाऱ्याला उसाइतकीच भावाची खात्री सरकारने द्यावी. एवढे झाल्यावर कुणी मंचावरून इस्रायलचे नाव घेतले, तर आम्ही मान वर करून ऐकू.