मनाचा वैद्य व त्याची पात्रता

भिवंडीच्या एका कुटुंबांतील वडील मंडळींनीं आम्हांस विचारिलें आहे: घरांतील कन्या मानसशास्त्र घेऊन बी. ए. झाली, आतां कांहीं महिन्यांचा समुपदेशनाचा वर्ग पुरा करून तिनें घरींच सल्ल्याची खोली उघडली तर काय बिघडलें? आणखी चार वर्षें शिकण्यांत कां घालवावीं?

प्रथम कायदा पाहूं. मनोविकारांची पारख व उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांस, म्हणजे ज्यांस क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात त्यांस, १९९२ च्या कायद्यानें भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीवांचून व्यवसाय करणारास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या व्याख्येंत पदव्युत्तर पदवी व त्यावर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम. फिल. हा मार्ग दिला आहे. पदवीचीं तीन, पुढचीं दोन व हीं दोन, अशीं बारावीनंतर सात वर्षें होतात. अभ्यासक्रमांचीं नांवें व रचना बदलत असतात. यास्तव परिषदेची चालू यादी पाहूनच प्रवेश घ्यावा. निव्वळ 'समुपदेशक' अशी पाटी लावणें त्या मानानें सोपें आहे, आणि धोकाही तेथेंच आहे.

घरांतील सून दिवसेंदिवस सुस्त व उदास दिसूं लागली, तर तिला कामचुकार ठरविण्यास वेळ लागत नाहीं. अर्धशिक्षित सल्लागार तिला मन खंबीर करण्याचा उपदेश करील. अनुभवी मनुष्य मात्र विचार करील कीं, हें नैराश्य आहे, कीं थायरॉइड ग्रंथीचा स्राव कमी पडत आहे? हिच्या मनांत जीव देण्याचे विचार तर येत नाहींत ना? औषध देणें हें मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचें काम. त्यांच्याकडे केव्हां पाठवावें हें त्यास कळतें. ही नजर ग्रंथांतून येत नाहीं. ज्येष्ठांच्या देखरेखीखालीं रुग्ण पाहून, चुका दुरुस्त करून घेऊनच ती येते. कायद्यांतील त्या दोन वर्षांचा हेतु हाच.

ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. भिवंडीकरांस तें दूरचें नाहीं. 'ठाण्यास पाठवा' ही थट्टा आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलों. तसल्या रुग्णालयांत मुलीनें शिकावें, हें कित्येकांस रुचत नाहीं. परंतु दुखऱ्या मनाची ओळख तेथेंच होते. मुलगी डॉक्टर होण्यासाठीं शवागारांत उभी राहिली तर आपण अभिमान बाळगतों. मग येथेंच संकोच कां?

तात्पर्य, खोलीची घाई नको. कन्येस पुढें शिकूं द्यावें. आणि स्वतःच्या घरीं प्रसंग आल्यास सल्लागारास नोंदणीक्रमांक खुशाल विचारावा. तातडीच्या वेळीं २०२२ मध्यें सरकारनें सुरू केलेली टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. दागिना घडविण्यास देतांना आपण सोनाराची पारख करतों. माणसाचें मन स्वाधीन करतांना तरी ती विसरूं नये.