मुंग्या आल्या, सांगितलं कुणी?



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. उशिराचं कारण माझा उजवा हात. त्याच्याबद्दल पुढे येईलच, आधी नातवाची गोष्ट.

आमचा धाकटा नातू इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कॉलेजसाठी माझ्याकडे सांगलीला राहतो. पहाटे उठून जिमला जातो. (अभ्यासाला कधी पहाटे उठलेला मी पाहिला नाही, पण असो.) मागच्या महिन्यात एक दिवस तो जिमहून आला, मी चहाचा कप पुढे केला, त्याने घेतला आणि कप सरळ फरशीवर! मला वाटलं लक्ष नव्हतं. तर म्हणाला, "सॉरी गं आजी, हात जरा बधिर झालाय. स्क्वॉट्स मारताना मुंग्या येतात."

"कधीपासून?"

"झाले दोन-तीन महिने. एरवी पाच मिनिटांत जातात, आज जरा राहिल्या. सगळ्यांनाच येतात गं, त्यात काय सांगायचं?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. स्क्वॉट्स म्हणजे आपल्या बैठकाच, फक्त पाठीवर लोखंडी दांडी घेऊन. ती दांडी नुसतीच २० किलोची असते आणि तिच्या दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेटा अडकवतात. आमचे चिरंजीव दोन्हीकडे ३५-३५ किलो लावत होते. म्हणजे एकूण ९० किलो. आमच्या लहानपणी तालमीतले पैलवान खांद्यावर माणूस बसवून बैठका मारायचे, ते मी पाहिलेलं आहे. त्यामुळे ओझं घेऊन उठाबशा काढण्याचं मला नवल नाही. नवल वाटलं ते "त्यात काय सांगायचं" याचं.

मी हे घरच्या ग्रुपवर टाकलं आणि लगेच दोन पक्ष पडले. ज्येष्ठांचा पक्ष म्हणाला, "सोडून दे म्हणावं ती वजनं, आपले सूर्यनमस्कार काय वाईट आहेत?" तरुणांचा पक्ष म्हणाला, "नो पेन नो गेन, होईल सवय." माझ्या मते दोघंही चुकत होते, कारण मुंग्या कुठल्या बोटांना येतात हे दोघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं.

हा प्रश्न मलाही सुचला नव्हता, खोटं कशाला बोलू? तो विचारला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने. ती आता फिजिओथेरपिस्ट आहे. नातवाला घेऊन तिच्याकडे गेले. मला "बाई, बसा" म्हणाली आणि त्याला पहिलाच प्रश्न, "कुठल्या बोटांना?" स्वारी गडबडली. "पूर्ण हाताला," म्हणाला. "नीट आठव." मग आठवलं, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. अंगठ्याला काहीच नाही.

त्यानंतर तिने जे समजावलं ते मी मराठी-इतिहासाची बाई असूनही मला कळलं, म्हणून इथे देते आहे.

हाताच्या सगळ्या नसा (शास्त्रीय भाषेत मज्जातंतू) मानेच्या मणक्यांतून पाच मुळांनी निघतात. त्यांची जुडी मानेच्या बाजूच्या स्नायूंमधून वाट काढत, गळ्याखालचं आडवं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून काखेकडे उतरते. पुढे फाटे फुटून त्या नसा कोपर, मनगट करत बोटांत पोचतात. या वाटेवर कुठेही दाब पडला तरी मुंग्या येतात त्या बोटांनाच. सांगलीची एसटी मुंबईला उशिरा पोचली म्हणून बिघाड मुंबईत झाला असं थोडंच असतं? ती कराडला अडली असेल, नाहीतर खंबाटकीच्या घाटात. गाडी कुठली ते कळलं की वाट शोधता येते. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू ही एका नसेची. कोपर आपटल्यावर वीज गेल्यासारखी झिणझिणी येते ना, तीच ती नस. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची उरलेली बाजू दुसऱ्या नसेची, जी मनगटातल्या बोगद्यातून येते.

मग तिने कोपऱ्यातला झाडूचा दांडा त्याच्या हातात दिला. "कसा स्क्वॉट करतोस ते दाखव." त्याने दाखवलं आणि तिने एकेक चूक काढली. मी वहीत तांबड्या शाईने काढायची तशीच! दांडी मानेच्या टोकदार मणक्यावर टेकलेली. हात खांद्याला अगदी चिकटून, त्यामुळे कोपर पूर्ण दुमडलेलं आणि त्या करंगळीच्या नसेवर ताण. मनगट मागे मोडलेलं, म्हणजे जे वजन पाठीने घ्यायचं त्यातलं थोडं हातांवर. आणि उठताना नजर छताकडे, त्यामुळे मान मागे जाऊन मणक्यांमधल्या नसांच्या वाटा आणखी अरुंद. दिवसभर लॅपटॉपपुढे वाकून बसल्याने खांदेही आखडलेले. लांबवर जड पिशव्या पाठीवर वाहणाऱ्या सैनिकांना आणि गिर्यारोहकांनाही खांद्यावरच्या पट्ट्यांच्या दाबाने असा हात बधिर होण्याचा त्रास होतो, असंही तिने सांगितलं.

मला एकदम चुंबळ आठवली. डोक्यावर घागर घेण्याआधी बायका कापडाची चुंबळ ठेवतात. तिचं काम काय, तर ओझं एका जागी टोचू न देता पसरवणं. दांडीलाही तसंच हवं. पाठीवरचे दोन्ही खवाटे जवळ ओढले की मानेखाली मांसाची जाड गादी तयार होते, दांडी त्या गादीवर ठेवायची. ही आपल्याच अंगाची चुंबळ. हात थोडे लांब, मनगट सरळ, नजर समोर. हातांनी दांडी फक्त धरायची, वजन पाठीनेच घ्यायचं.

हे सगळं ऐकून नातू म्हणाला, "एवढंच होतं तर!" आणि मला मात्र रडू आलं. का, ते आता सांगते.

मी पन्नाशीची असताना मला रात्री मुंग्यांनी जाग यायची. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. उठून हात झटकला की बरं वाटायचं. वाटायचं, पेपर तपासून होत असेल, फळ्यावर लिहून होत असेल. घरात कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय? हात झोपतो म्हणून कुणी डॉक्टरकडे जातं का? बायकांनी कुरकुर करू नये, ही शिकवण तर पक्कीच होती. अशी दहा वर्षं गेली. दाखवलं तेव्हा मनगटातल्या बोगद्यात नस दाबली गेली होती. ऑपरेशन झालं, मुंग्या गेल्या. पण अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तो तोवर झिजून सपाट झाला होता, तो काही परत आला नाही. आज मला ब्लाउजचे हुक नीट लावता येत नाहीत, आणि हा लेखही डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप होतो आहे. (ज्येष्ठांच्या पक्षाला एक सांगायचं राहिलं. त्या काळात मी सूर्यनमस्कार घालत होते आणि मनगट मागे मोडून अंगाचा भार त्यावर टाकत होते. व्यायाम आपला असो वा परका, नसेला ते कळत नाही.)

त्या वेळी मला कुणी "कुठल्या बोटांना?" एवढं विचारलं असतं तर? पण मी सांगितलंच नव्हतं, तर कोण विचारणार?

म्हणून माझं मत असं. व्यायामाने पोटऱ्या, मांड्या दुखतात, ते दुखणं श्रमाचं आहे, सोसावं. पण मुंग्या आणि बधिरपणा कधीही व्यायामाचा हिस्सा धरू नये. स्नायू थकतो तेव्हा दुखतो. नस दाबली गेली की आधी मुंग्या येतात, मग जागा सुन्न होते. आणि सुन्न झालेल्या जागेला दुखतही नाही, म्हणून माणूस निश्चिंत राहतो. "सवय होईल" म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आणि मराठीच्या बाईंची एक विनंती. सांगताना नेमका शब्द वापरा. आपल्याकडे मुंग्या आहेत, झिणझिण्या आहेत, बधिर आहे, सुन्न आहे, चमक आहे. (फ्रेंच लोकही पायात मुंग्या आल्या असंच म्हणतात म्हणे.) प्रत्येकाचा अर्थ वेगळा. "हाताला कसंतरी होतं" या वाक्याला मी पाचवीच्या वर्गातही गुण दिले नसते. कुठल्या बोटांना, एका हाताला की दोन्ही, केव्हा येतात, किती वेळ राहतात, हे सांगितलं की डॉक्टरचं अर्धं काम होतं.

काही लक्षणांना मात्र वाट पाहायची नाही. हातातली ताकद कमी होणं, वस्तू वारंवार पडणं, बटणं लावायला त्रास, मान वाकवल्यावर पाठीच्या कण्यातून वीज उतरल्यासारखं वाटणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं. असं काही असेल तर दांडी बाजूला ठेवून तातडीने डॉक्टर. आणि छातीत दुखून हाताकडे कळ येत असेल तर मानेचा विचारही करत बसू नये, थेट हॉस्पिटल गाठावं.

नातवाच्या बोटांची ताकद तिने तपासली, ती व्यवस्थित होती. दोन आठवडे पाठीवर दांडी बंद, तोवर एक डंबेल दोन्ही हातांनी छातीशी धरून बैठका. नंतर नुसत्या २० किलोच्या दांडीपासून पुन्हा सुरुवात. तरीही मुंग्या आल्या तर नसांची तपासणी करायची, असं ठरलं. सध्या तो ४० किलोवर आहे. मित्र चिडवतात म्हणे. मुंग्या अजून तरी आलेल्या नाहीत. पण रोज चहा देताना मी विचारते, आणि तोही आता "काही नाही गं" म्हणत नाही. करंगळी हलवून दाखवतो.

तुमच्यापैकी कुणाला रात्री हात झटकत उठावं लागत असेल, तर आजच घरात कुणाला तरी सांगा. एवढ्यासाठीच हे डाव्या हाताने तीन दिवस टाइप करत बसले.