भेटीला जाणारे माणूस



या आठवड्यात मुलांच्या सुट्टीतल्या अभ्यासाविषयी लिहायचे ठरवले होते. तो विषय पुढच्या अंकी घेऊ. गेल्या महिन्यात मी जे पाहिले, ते आधी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आमच्या चाळीत एक मावशी राहतात. महापालिकेच्या सफाई खात्यात नोकरीला आहेत. मालक वारले, दोन मुली शिकताहेत, घर दहा बाय बाराचे. त्यांना एक धाकटा भाऊ आहे. वय बेचाळीस. हा मुलगा उत्तम वायरमन होता. आमच्या चाळीतल्या निम्म्या घरांची वायरिंग त्याच्या हातची आहे. बाविसाव्या वर्षी त्याला भिंतीतून माणसे बोलल्यासारखी ऐकू येऊ लागली. आपण गंडेदोरे सोडले असे आपण म्हणतो, पण दुखणे डोक्याचे असले की कोणीतरी शेजारीण हळूच बुवाचा पत्ता देतेच. त्यात दोन वर्षे गेली. मग डॉक्टरांनी सांगितले, हा स्किझोफ्रेनिया आहे, औषधाने आटोक्यात राहतो. गोळ्या चालू असल्या की तो कामावर जाई. बंद केल्या की पुन्हा तेच.

आई होती तोवर आईने सांभाळला. आई गेल्यावर मात्र अवघड झाले. मावशी पहाटे कामावर, मुली शाळेत, हा एकटा घरात. एकदा गॅस चालू ठेवून बाहेर निघून गेला. शेवटी तीन वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका खासगी निवासी केंद्रात त्याला ठेवला. मावशींच्या पगारातला मोठा हिस्सा तिकडे जातो. तरी चाळीतली माणसे म्हणतात, "भावाला टाकून दिला." बोलणाऱ्याच्या घरी रात्रभर जागणारे माणूस नसते, म्हणून जीभ उचलते.

एके दिवशी मावशी म्हणाल्या, "बाई, या रविवारी माझ्यासंगं चला. मला काही बरं वाटत नाही. तो काही बोलतच नाही बघा."

एसटी, पुढे शेअर रिक्षा, मग पायी. मावशींनी भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून घेतली होती. दर वेळी भेट ऑफिसातच होते. भाऊ आंघोळ घालून, धुतला शर्ट चढवून बाहेर आणला जातो, पंधरा मिनिटे बसतो आणि आत नेला जातो. या वेळी आम्ही न कळवता गेलो होतो. त्याला आणला तेव्हा डोक्याचा गोटा केलेला, पँट कमरेला सुतळीने बांधलेली, हात थरथरत होते आणि पाय अनवाणी. चटणी पाहून तो पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, "आक्का, माझी चप्पल कुठंय?"

मावशींनी दिवाळीला नवी चप्पल दिली होती. मी तिथल्या काळजीवाहू पोराला विचारले. तो म्हणाला, "मॅडम, चप्पल कपाटात ठेवतो. पायात असली की पळून जातात."

मी म्हटले, "आम्हाला याची खाट बघायची आहे." मॅनेजर म्हणाले, "तसा नियम नाही." मी म्हटले, "ठीक आहे, नियम दाखवा, तोवर आम्ही इथेच बसतो." तासाभराने आत सोडले.

आत एका लांब खोलीत बावीस पुरुष. खाटा एकमेकींना चिकटलेल्या. संडासाच्या दाराला आतून कडी नाही. न्हाणीत सगळ्यांना मिळून एकच साबण. धुतलेल्या कपड्यांचा एक ढीग, ज्याच्या हाती जे येईल ते त्याने घालायचे. भाऊच्या अंगावरची पँट त्याची नव्हतीच. हात का थरथरतात, हे कोणाला सांगता आले नाही. डॉक्टर शेवटचे कधी आले तेही नाही. रात्री खोलीला बाहेरून कुलूप लागते आणि किल्ली मॅनेजरच्या घरी असते.

या कुलपापाशी मी थांबले, कारण असेच एक ठिकाण मला आठवले. तामिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी नावाचे गाव आहे. तिथल्या दर्ग्यात मनोरुग्ण बरे होतात या समजुतीने लांबलांबून घरची माणसे त्यांना आणत आणि आसपासच्या खासगी निवाऱ्यांत ठेवून जात. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशाच एका निवाऱ्याला आग लागली. माणसे साखळदंडाने बांधलेली होती. त्यांना पळता आले नाही. २८ जण मेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. त्या लोकांनाही घरच्यांनी मरायला ठेवले नव्हते, बरे व्हायला ठेवले होते. पण ठेवल्यानंतर तिथे काय चालते, हे पाहणारे कोणी उरले नव्हते.

भगिनींनो, आता कायद्याचे बोलू. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि मे २०१८ पासून लागू आहे. त्यात मनोरुग्णाला दयेचा विषय न मानता हक्काचा माणूस मानले आहे. हा कायदा सरकारी रुग्णालयाला लागू आहे तसाच खासगी केंद्रालाही आहे. त्यातल्या काही गोष्टी पाठच करून ठेवा.

साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे. एकट्याला कोंडून ठेवायलाही बंदी आहे. स्वतःला किंवा दुसऱ्याला तात्काळ इजा होणार असेल आणि दुसरा उपायच नसेल, तरच थोडा वेळ धरून-बांधून ठेवता येते. तेही मानसोपचार तज्ज्ञांच्या परवानगीने, नोंद करून. शिक्षा म्हणून कधीच नाही, आणि माणसे कमी आहेत म्हणूनही नाही. भूल न देता विजेचा झटका देता येत नाही. सक्तीने डोके भादरता येत नाही. स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क आहे. स्वच्छ संडास, आडोसा, सकस जेवण, बायकांना पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू, हे सारे हक्काचे आहे. काम जबरदस्तीने करून घेता येत नाही, आणि केले तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. फोन करण्याचा आणि माणसांना भेटण्याचा हक्क आहे.

केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. जिथे तक्रार करायची त्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाचा पत्ता आणि फोन नंबर केंद्रात दिसेल अशा जागी लावणे बंधनकारक आहे. आम्ही गेलो तिथे भिंतीवर कॅलेंडर होते, तो नंबर नव्हता.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. आजारी माणूस आपल्या भरवशाच्या कोणाही सज्ञान व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. त्याला स्टँप पेपर लागत नाही. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला की झाले. त्या माणसाला धरून-बांधून ठेवले तर चोवीस तासांच्या आत या प्रतिनिधीला कळवावे लागते. मावशींना हे तीन वर्षांत कोणी सांगितले नव्हते. त्या दिवशी आम्ही वहीच्या पानावर ते लिहिले. भाऊने थरथरत्या हाताने सही केली. अक्षर वाकडे आले, पण नाव स्वतःचे लिहिले.

निघताना तो काळजीवाहू पोरगा फाटकापर्यंत आला. इकडेतिकडे पाहून म्हणाला, "मावशी, रागावू नका. रात्री बावीस माणसांना मी एकटा असतो. कोणी उठला, कोणी भांडला, कोणी ओला झाला, सगळं मीच. ज्याचं कोणी येतं, त्याच्याकडं जरा जास्त बघितलं जातं. ज्याचं कोणी येत नाही..." पुढे तो बोलला नाही.

तो पोरगाही आपल्यासारख्याच कुठल्यातरी वस्तीतला. तुटपुंज्या पगारावर बारा-बारा तास राबणारा. त्याला खलनायक ठरवून मला मोकळे होता येत नाही. एका माणसावर बावीस जीव टाकले की तो चप्पल कपाटातच ठेवणार. दोष आधी माणसे न नेमणाऱ्याचा आहे आणि मग न तपासणाऱ्याचा. पण त्या पोराचे अर्धे राहिलेले वाक्य माझ्या मनातून गेले नाही. काळजी कशी घेतली जाईल हे तिथे आजारावर ठरत नव्हते, भेटीला कोण येते यावर ठरत होते.

म्हणून ज्यांच्या घरचे माणूस अशा ठिकाणी आहे, त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे. ठेवले म्हणून स्वतःला अपराधी मानू नका. मात्र ठेवून विसरू नका. न कळवता जा. ऑफिसात भेटून परत येऊ नका, खाट पाहा, संडास पाहा, जेवणाच्या वेळी जेवण पाहा. अंगावरचे कपडे कोणाचे ते पाहा. वजन घटले का, अंगावर वळ आहेत का, पायात काय आहे ते पाहा. गोळ्यांची नावे लिहून आणा आणि हात थरथरत असतील, लाळ गळत असेल, तर डॉक्टरांना विचारा. कित्येकदा तो औषधाचा परिणाम असतो आणि डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात. स्वतःहून गोळी मात्र बंद करू नका. आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही नावाने हाक मारा. त्याचे कोणी येत नसेल, तर तुम्हीच त्याचे आलेले माणूस.

तक्रार आधी केंद्राच्या प्रमुखाकडे लेखी द्या, प्रतीवर पोच घ्या. दाद लागली नाही तर मंडळाकडे जा. वकील मोफत मिळण्याची तरतूद आहे, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. खासगी केंद्र झेपत नसेल तर सरकारी सोय माहीत असू द्या. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, हाती कार्ड असो वा नसो, सरकारी ठिकाणी हे उपचार मोफत मिळाले पाहिजेत, असे कायदा म्हणतो. घरी कोणाला असा त्रास सुरू झाला आणि काय करावे सुचत नसेल, तर १४४१६ हा टेली मानसचा मोफत नंबर आहे.

शेवटी एक. बरे झालेले माणूस घरी आणायला कोणी येत नाही, ही फार मोठी दुखरी गोष्ट आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा माणसांसाठी पुनर्वसनाची घरे उभारायला राज्यांना सांगितले. २०१९ साली आपल्याच महाराष्ट्र शासनाला न्यायालयाने खडसावले, कारण बरे झालेल्यांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवले जात होते. बरे होऊन भिक्षेकरी गृहात जायचे, याला बरे होणे कसे म्हणावे?

मावशींच्या भावाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. आम्ही लेखी तक्रार दिली. दोन आठवड्यांनी गेलो तेव्हा चप्पल त्याच्या पायात होती. डॉक्टर येऊन गेले होते, एक गोळी बदलली होती, हात थोडे थांबले होते. त्याचे कपडे आता त्याच्या नावाच्या पिशवीत असतात. संडासाला अजून कडी नाही. रात्रीचे कुलूपही तसेच आहे. त्यासाठी मंडळाकडे अर्ज गेला आहे.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारबाबा असतात. नाव विचारले तर त्यांनी बराच वेळ आठवून सांगितले. या रविवारी मावशी भाकऱ्या दोघांच्या बांधणार आहेत. मीही जाणार आहे.