आकडा गंधकाचा, गाळ टाकीतला

२०२० सालच्या १ एप्रिलला आपण सगळे घरात कोंडून बसलो होतो. टाळेबंदीचा तो आठवा दिवस. त्या दिवशी देशभरातल्या पेट्रोल पंपांवर एक मोठा बदल झाला, पण गाड्याच दारात उभ्या असल्याने तो फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. त्या तारखेपासून 'भारत स्टेज सहा' दर्जाचे डिझेल देशात सगळीकडे लागू झाले. या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत फार तर १० भाग असते. त्याआधीच्या टप्प्यात ते ५० भागांपर्यंत चालत असे. आमच्या खर्ड्यातला ट्रॅक्टर आज जे डिझेल पितो ते गंधकाच्या बाबतीत जगातल्या कोणत्याही पुढारलेल्या देशातल्या डिझेलच्या तोडीचे आहे.

त्याच वर्षी, बरोबर तीन महिने आधी, समुद्रावरही असाच एक बदल झाला होता. जहाजांनी जाळायच्या तेलात गंधक जास्तीत जास्त अर्धा टक्का असावे, असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा नियम १ जानेवारी २०२० पासून जगभर अमलात आला. आधीची मर्यादा साडेतीन टक्के होती. टक्क्यांचे हे आकडे दिसायला किरकोळ वाटतात. बँकेतल्या जुन्या सवयीने सगळे एका मापात आणून पाहिले की खरा हिशेब दिसतो. अर्धा टक्का म्हणजे दहा लाखांत पाच हजार भाग. ट्रॅक्टरच्या डिझेलच्या पाचशे पट! आणि जुनी साडेतीन टक्क्यांची मर्यादा म्हणजे साडेतीन हजार पट. इतके गंधक जळून धुरावाटे बाहेर पडत होते, हवेतल्या ओलाव्याशी मिळून आम्ल बनत होते आणि बंदरांच्या आसपास राहणाऱ्यांच्या छातीत जात होते. नव्या नियमाने जहाजांच्या धुरातले गंधकाचे ऑक्साइड वर्षाला सुमारे ८५ लाख टनांनी घटेल, असा त्या संघटनेचा अंदाज होता. नियम चांगलाच आहे. त्याबद्दल वाद नाही.

आता तुम्ही म्हणाल, खर्डा कुठे आणि जहाज कुठे? जामखेड तालुक्यातले हे गाव. इथून न्हावा-शेवाचे बंदर तीनशे किलोमीटरहून दूर. गावात समुद्र पाहिलेली माणसे आता पुष्कळ आहेत, पण जहाजाच्या इंजिनखोलीत उतरलेला एखादा सापडला तर सापडला. तरीही या जिल्ह्याचा कांदा न्हावा-शेव्याहून आखाताकडे आणि मलेशियाकडे जातो तो जहाजातूनच. आपल्या तळणीचे पामतेल येते ते जहाजातूनच. गॅसच्या सिलिंडरातला गॅसही बऱ्याच अंशी समुद्रावरून येतो. जहाजाच्या तेलाचा भाव चढला की वाहतूकदार भाड्यावर 'बंकर सरचार्ज' लावतात आणि तो शेवटी कांद्याच्या पट्टीतून किंवा किराण्याच्या बिलातून वसूल होतो. रसदेचे महत्त्व तर खर्ड्याला कोणी शिकवायला नको. १७९५ च्या मार्चमध्ये निजामाची फौज इथल्या किल्ल्याच्या आश्रयाला येऊन अडकली, रसद आणि पाणी तुटले, आणि एवढ्या मोठ्या फौजेच्या धन्याला तह करावा लागला.

तळाचे तेल

जहाजाचे तेल म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. कच्चे तेल तापवून त्यातून गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल असे एकेक काढून घेतले की तळाशी काळा, घट्ट, डांबरासारखा भाग उरतो. जहाजांनी वर्षानुवर्षे जाळले ते मुख्यतः हेच तळाचे तेल. ते इतके दाट की इंजिनात सोडण्याआधी शंभर अंशांच्या वर तापवावे लागते. स्वस्त म्हणून ते जहाजांच्या वाट्याला आले, आणि कच्च्या तेलातले गंधक मुख्यतः तळाशीच गोळा होत असल्याने सगळी घाणही तिथेच आली.

नियम बदलल्यावर शुद्धीकरण कारखान्यांपुढे आणि व्यापाऱ्यांपुढे दोन वाटा होत्या. एक तर तळाच्या तेलातले गंधक खर्च करून काढायचे, नाही तर त्यात कमी गंधकाची दुसरी तेले मिसळून सरासरी अर्ध्या टक्क्याखाली आणायची. दुसरी वाट स्वस्त आणि सोपी. त्यामुळे 'अतिअल्प गंधकाचे' म्हणून जे तेल आज जगभर विकले जाते, त्यातले बरेचसे मिश्रण असते. मिश्रण करणे हा गुन्हा नाही. आपल्या घरातला गोडा मसालाही मिश्रणच असतो. प्रश्न असतो तो काय मिसळले, कोणी मिसळले आणि ते एकमेकांशी नांदते का, हा.

तेलांचेही स्वभाव असतात. तळाच्या तेलात डांबरासारखे जड कण विरघळलेले असतात. त्यात चुकीच्या जातीचे पातळ तेल पडले की ते कण सुटे होतात आणि गाळ बनून खाली बसतात. दूध चांगले असते, लिंबूही चांगले असते, पण दोन्ही एका पातेल्यात घातले की काय होते ते कोणत्याही गृहिणीला विचारा. तशीच दोन बंदरांतून घेतलेली, कागदावर दोन्ही निर्दोष असलेली तेले एका टाकीत पडली की कधी कधी फाटतात. गाळण्या तुंबतात. शिवाय कारखान्यातल्या काही प्रक्रियांमधून येणाऱ्या तेलात ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनचे बारीक, कुरुंदासारखे कण असतात. ते गाळून निघाले नाहीत तर इंजिनाचे सिलिंडर आतून घासून काढतात. यातली कोणतीही गोष्ट गंधकाच्या आकड्यात दिसत नाही.

दुधाची फॅट आणि तेलाचे गंधक

माझा मुद्दा इथेच आहे. एकच आकडा मोजायचा ठरवला की बाजार त्या आकड्याची सोय करतो, वस्तूची नाही.

आमचा जिल्हा दुधाचा. संकलन केंद्रावर दुधाची फॅट आणि एसएनएफ बघून भाव ठरतो, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आणि पाणी घातलेल्या दुधाचा आकडा वर नेण्यासाठी त्यात काय काय घातले जाते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. २००८ साली चीनमध्ये याचे सगळ्यात भयंकर रूप दिसले. तिथे दुधातले प्रथिन नायट्रोजनच्या प्रमाणावरून मोजत. तेव्हा पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन टाकून नायट्रोजनचा आकडा भरून काढला गेला. तपासणीत दूध उत्तम ठरले. त्या दुधाच्या भुकटीने सुमारे तीन लाख मुले आजारी पडली आणि सहा बाळे दगावली.

समुद्रावरचे प्रकार याच जातीचे आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या परिसरात भरलेल्या तेलाने शंभराहून अधिक जहाजांचे तेलाचे पंप अडकले, गाळण्या तुंबल्या. तेव्हा अर्ध्या टक्क्याचा नियम यायचा होता, म्हणजे रोग जुनाच होता. नियमानंतर गंधकाचा आकडा सुधारला, रोग तसाच राहिला. २०२२ च्या सुरुवातीला सिंगापूरमध्ये सुमारे दोनशे जहाजांना क्लोरीनयुक्त रसायने मिसळलेले तेल गेले आणि त्यांतल्या सुमारे ऐंशी जहाजांनी इंजिनात बिघाड झाल्याचे कळवले. नेहमीच्या चाचण्यांत ही रसायने दिसत नाहीत. त्यासाठी वेगळी, महागडी चाचणी करावी लागते. चौकशीत त्या तेलाचा माग अमिरातीतल्या खोर फक्कान बंदरापर्यंत गेला. भेसळ कळल्यानंतरही काही दिवस तेल देत राहिल्याबद्दल एका बड्या पुरवठादाराचा सिंगापूरमधला परवाना दोन महिन्यांसाठी स्थगित झाला.

जहाजाच्या तेलात रासायनिक कचरा किंवा यंत्राला नि माणसाला घातक असे काही मिसळू नये, हे आंतरराष्ट्रीय नियमात लिहिलेलेच आहे. पण बंदरावरचा निरीक्षक मुख्यतः तपासतो ते गंधक. बाकीचे खरेदीदार आणि विक्रेता यांनी आपापल्या करारात बघून घ्यावे, अशी व्यवस्था आहे. दंड गंधकाला, भांडण बाकीच्याला!

मनमाडची आठवण

भेसळ का होते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. नगरहून निघालेला रस्ता सरळ मनमाडला जातो. तिथे पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी त्या भागात तेलाची चोरी चाललेली पाहिली, ते थांबले, आणि भरदिवसा त्यांना जिवंत जाळण्यात आले. त्याआधी, नोव्हेंबर २००५ मध्ये, उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरीत मंजुनाथ षण्मुगम या इंडियन ऑइलच्या तरुण अधिकाऱ्याला पंपावरची भेसळ पकडल्याबद्दल गोळ्या घालण्यात आल्या होत्या.

दोन्ही ठिकाणी मुळाशी होते ते रेशनच्या निळ्या रॉकेलच्या आणि डिझेलच्या भावातले अंतर. दोन वस्तू एकमेकींत मिसळता येतात, डोळ्यांना फरक दिसत नाही आणि भावात मात्र मोठी दरी आहे, असे असले की त्या दरीत कोणीतरी उतरतोच. २०२० च्या जानेवारीत जास्त गंधकाच्या आणि कमी गंधकाच्या जहाजी तेलात टनामागे सुमारे ३०० डॉलरचे अंतर होते. मोठे कंटेनर जहाज वेगात असताना दिवसाला शंभर टनांहून अधिक तेल जाळते. गुणाकार ज्याचा त्याने करावा.

तरी आपल्या पंपावर गिऱ्हाइकाला काही हक्क आहेत. शंका आली तर फिल्टर पेपरची चाचणी मागता येते, पाच लिटरच्या मापाने माप तपासून घेता येते, घनतेची नोंद पाहता येते. आपण मागत नाही, हा भाग वेगळा!

दोघांची सही

बँकेत आम्ही सोनेतारण कर्ज देत असू. दागिना गिऱ्हाइकासमोर तोलायचा, सराफाने समोरच कस पाहायचा, पिशवीत घालून सील करायचे आणि दोघांच्या सह्या घ्यायच्या. यात कोणाच्या प्रामाणिकपणावर संशय नसतो. उलट, उद्या संशयच येऊ नये म्हणून ही पद्धत असते.

जहाजावरही कागदोपत्री अशीच पद्धत आहे. बार्जवरून तेल भरत असताना नळीतून थेंब थेंब नमुना गोळा करतात, बाटल्या सील करतात, पुरवठादार आणि जहाजाचा अधिकारी सह्या करतात. सरकारी नमुना किमान बारा महिने आणि तेलाची पावती तीन वर्षे जपून ठेवायची असते. पद्धत उत्तम. अडचण अशी की प्रयोगशाळेचा निकाल यायला काही दिवस लागतात आणि जहाज तोवर बंदरात थांबत नाही. निकाल येतो तेव्हा ते भर समुद्रात असते आणि तेल टाकीत असते. तेथून ते परत कोणाला द्यायचे?

इंजिन बंद पडलेले जहाज म्हणजे काय, हे २६ मार्च २०२४ च्या पहाटे जगाने पाहिले. बाल्टिमोरमध्ये 'डाली' जहाजाची वीज गेली, ते पुलावर आदळले आणि पुलावर काम करणारे सहा मजूर बुडाले. तिथे दोष तेलाचा नव्हता, एका सैल वायरचा होता, असे तपासात निघाले. पण जहाजाला वायर तोडते की गाळ, याने पुलाखालच्या माणसाला फरक पडत नाही. त्या जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. जगाच्या जहाजांवर दर दहा खलाशांमागे साधारण एक आपल्या देशातला असतो. कोकणातल्या, मुंबईतल्या, आणि आता घाटावरच्याही किती घरांतली मुले त्या इंजिनखोल्यांत आहेत! रात्री दोनला तुंबलेली गाळणी उघडून गरम तेलाशी झगडतो तो हाच मुलगा.

म्हणून मागणे फार मोठे नाही. सिंगापूरने १ जानेवारी २०१७ पासून बार्जवर वस्तुमान मोजणारे मीटर सक्तीचे केले. तेलात हवा फुंकून फेस आणायचा आणि माप फुगवायचे, या जुन्या युक्तीला त्याने चाप बसला. आपल्या देशात जहाजवाहतुकीचे महासंचालनालय मुंबईतच आहे, मोठी बंदरे सरकारच्या छत्राखाली आहेत. तेल पुरवणाऱ्या प्रत्येक बार्जला असा मीटर आणि परवाना असावा. मिश्रणात कुठले तेल कुठून आले, ते पावतीवर लिहावे. तक्रारी आणि चाचण्यांचे निकाल, पुरवठादाराच्या नावासह, जाहीर व्हावेत. आणि तेल संशयास्पद वाटले म्हणून सही नाकारणाऱ्या किंवा निषेधाचे पत्र देणाऱ्या चीफ इंजिनियरला 'जहाज अडवलेस' म्हणून घरी पाठवता येऊ नये.

याने भाडे वाढेल, कांदा उत्पादकाच्याच खिशाला चाट बसेल, असा आक्षेप येईल. त्यात थोडे तथ्य आहे. पण आजही खर्च होतोच आहे. फरक इतकाच की तो बिलावर येत नाही. तो बंदराकाठच्या मुलाच्या छातीवर, घासलेल्या सिलिंडरवर आणि रात्रपाळीच्या इंजिनियरच्या जिवावर लिहिला जातो. बिलावर आलेला खर्च निदान तपासता येतो, त्यावर भांडता येते.

गंधक अर्ध्या टक्क्यावर आले, हे चांगले झाले. भूमध्य समुद्रात तर १ मे २०२५ पासून ते दशांश टक्क्यावर आले आहे. उद्या आपल्या किनाऱ्यावरही येईल. पण आकडा खाली आणणे हे निम्मे काम झाले. तेल घेणाऱ्याने बाटली उजेडात धरून 'यात काय आहे?' असे विचारले, तर त्याला खरे उत्तर मिळाले पाहिजे. खर्ड्याच्या पंपावर जो हक्क आपण मागत नाही, तो भर समुद्रात निघालेल्या माणसाला मागूनही मिळू नये, हे काही बरे नाही.