तपासणी झाली, पुढे काय?

शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते. मुले रांगेत उभी राहतात, तोंड उघडतात, विजेरीचा झोत दातांवर पडतो आणि कार्डावर ‘दंतक्षय’ असा शेरा उमटतो. पथक पुढच्या शाळेकडे रवाना होते. शासनाच्या लेखी त्या मुलाच्या दातांचा प्रश्न येथे निम्माअधिक सुटलेला असतो. मुलाच्या लेखी तो येथून सुरू होतो. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांपुरते पाहिले तरी नोंद आणि उपचार यांच्यामधले हे अंतर किती मोठे आहे, ते ध्यानात येते.

शालेय आरोग्य तपासणीची कल्पना आपल्याकडे नवी नाही. खानदेशाच्या शेजारच्या बडोदा संस्थानात, बडोदे शहरात, १९०९ साली विद्यार्थ्यांची अशी तपासणी देशात प्रथम झाली. स्वातंत्र्यानंतर रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शालेय आरोग्याचा समग्र विचार केला. पुढे फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शासकीय आणि अनुदानित शाळांत एकदा, अशी त्याची आखणी आहे. दातांचे विकार त्याच्या यादीत आहेत. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असे फिरते पथक आहे. ही यंत्रणा उभी राहिली, हे चांगलेच झाले. परंतु या पथकात दंतवैद्य नाही आणि दातावर जागच्या जागी उपचार करणे हे त्याचे काम नाही. दोष आढळला की पुढे पाठवावयाचे, एवढाच त्याचा अधिकार.

पुढे म्हणजे कोठे? सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल किंवा शिरपूर तालुक्यातील पाड्यावर राहणाऱ्या पावरा, भिल्ल वा तडवी कुटुंबाने ‘जिल्ह्याला जा’ या दोन शब्दांचा अर्थ कसा लावावयाचा? आईची किंवा बापाची एक दिवसाची मजुरी बुडते, येण्याजाण्याचे भाडे पडते, रुग्णालयात रांग असते, आणि दात वाचवावयाचा तर एकदा जाऊन भागत नाही. धुळ्यात दंत महाविद्यालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावातही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. देशात दंत महाविद्यालयांची संख्या तीनशेच्या वर गेली. मात्र त्यांतून बाहेर पडणारा दंतवैद्य मुख्यतः शहराच्या पेठेत दवाखाना थाटतो, कारण गावात त्याच्यासाठी ना पद आहे ना खुर्ची. शासनाच्या आरोग्यविमा योजना मुख्यतः रुग्णालयात भरती होऊन घ्यावयाच्या उपचारांभोवती रचलेल्या आहेत; मुलाच्या दाढेतील लहानशी कीड त्यांत बसत नाही. अखेर ठणका असह्य झाला की दात उपटून टाकणे, हाच गरिबाला परवडणारा इलाज उरतो.

‘दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत’, अशी समजूत घरोघरी आढळते. ती महाग पडते. दुधाचे वीस दात पुढच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. त्यामुळे ती आलेली आईबापांना कळतही नाही आणि ती दुधाचीच समजून दुर्लक्षिली जाते. जन्मभर चावण्याचा भार वाहणारी ही दाढ किडीला सर्वांत आधी बळी पडते. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के आणि बारा वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के मुलांना दंतक्षय आढळला होता. निम्म्या मुलांना होणाऱ्या रोगास किरकोळ कसे म्हणावयाचे?

कोणी म्हणेल, जेथे पोटभर अन्नाची भ्रांत तेथे दातांची चैन कशाला? ‘दात आहेत तर चणे नाहीत’ अशी म्हण आपल्याकडे आहेच. पण ज्या मुलाची दाढ ठणकते ते मूल ताटात वाढलेली भाकरीही चावू शकत नाही. रात्री झोपत नाही, सकाळी वर्गात बसत नाही. कुपोषणाशी लढणाऱ्या राज्याने मुलाच्या तोंडातला रोग वेगळा काढून चैनीच्या खात्यात टाकावा, हे तर्काला धरून नाही. आणि दोष आईबापांच्या माथी मारण्यापूर्वी हेही पाहावे, की पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा शेवटच्या पाड्यावरील टपरीपर्यंत बिनचूक पोचतो. बाजाराला जो रस्ता सापडतो तो आरोग्य खात्याला का सापडू नये?

सर्वांत मोठी विसंगती मात्र वेळापत्रकात आहे. चाळीसगाव भागातील तांड्यांवरून आणि सातपुड्याच्या पाड्यांवरून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघतात. काही दक्षिण महाराष्ट्राकडे, काही सुरत-बारडोलीच्या बाजूला. मुकादमाची उचल अंगावर असते, म्हणून मुलेही बरोबर जातात. ती परततात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. वर्षातून एकदा येणारे पथक या महिन्यांत आले, तर हजेरीपटावरचे ते मूल फडावर असते. ज्यांच्या घामातून देशाची साखर निघते, त्यांच्याच मुलांना साखरेने लागणारी कीड तपासण्यास कोणी भेटू नये, याला निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. स्थलांतर करणारा मजूर योजनेच्या नजरेत कोठेच राहत नसतो, त्याचा हा परिणाम आहे.

यावर उपाय दुर्मिळ नाहीत, महागही नाहीत. मुलांच्या दातांची निगा म्हटले की यंत्राने केलेली चकचकीत सफाई डोळ्यांपुढे येते. हिरड्यांतून रक्त येत असेल, दातांवर कीटण साचले असेल, तर ती अवश्य करावी. परंतु बहुसंख्य मुलांची खरी गरज याहून साधी आहे. फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दात घासणे, वर्षातून दोनदा दातांवर फ्लोराइडचा लेप आणि नव्या दाढेच्या खाचा वेळीच बुजविणे, एवढ्याने पुष्कळ कीड टळते. लागलेली कीड जागीच रोखणारे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड आणि खड्डा भरण्याचे ग्लास आयोनोमर यांचा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. पहिल्याने किडका भाग काळा पडतो, हे पालकांना आधी समजावून सांगावे लागते. पण त्याला ना वीज लागते, ना फिरते यंत्र.

मनुष्यबळाचेही तसेच. न्यूझीलंडने १९२१ सालीच तरुणींना दोन वर्षांचे प्रशिक्षण देऊन शाळांसाठी दंत परिचारिका तयार करण्यास आरंभ केला. आपल्याकडे १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने डेंटल हायजिनिस्टची नोंदणी मान्य केली होती. शाळांसाठी त्यांची फळी उभारण्याचे काम मात्र राहून गेले. दातांकडे राजकारणाने तुच्छतेने पाहू नये, याचेही उदाहरण इतिहासात आहे. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्याच सरकारने कवळ्या व चष्म्यांवर शुल्क बसविले, तेव्हा राष्ट्रीय आरोग्य सेवेचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन यांनी १९५१ च्या एप्रिलमध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. सेवेच्या विनामूल्य तत्त्वाला दातापासून तडा गेला तर तो दातापाशी थांबणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

जळगाव आणि धुळे जिल्हा परिषदांनी यापुढे किती मुलांची तपासणी झाली हा आकडा सांगू नये. ज्यांना दोष आढळला त्यांपैकी किती मुलांवर उपचार पूर्ण झाले, तो सांगावा. तपासणी पथकाबरोबर दंतवैद्य वा प्रशिक्षित सहायक जावा आणि लेप व साधे भरण शाळेतच व्हावे. ऊसतोडीच्या गावांत पथकाची फेरी जुलै ते सप्टेंबर या काळात व्हावी, आणि हंगामी वसतिगृहे तपासणीच्या यादीत यावीत. यावल व धुळे आदिवासी विकास प्रकल्पांच्या आश्रमशाळांत मुले वर्षातील बहुतेक दिवस शासनाच्याच छपराखाली असतात. तेथे रोज देखरेखीखाली दात घासले जाणे हे तर खर्चाचे काम नव्हेच. अमळनेरच्या छात्रालयात मुलांचे कपडे धुण्यापर्यंत त्यांची काळजी वाहणारे साने गुरुजी याच जिल्ह्यात होऊन गेले.

दात कोरून पोट भरत नाही, तसे आरोग्याच्या तरतुदीतून चार पैसे कोरून राज्याची तिजोरी भरत नाही. सहा वर्षांच्या मुलाची वाचलेली दाढ त्याला साठ वर्षे साथ देते. कार्डावरचा शेरा तेवढी साथ देत नाही.